वरून दिसलेला कळप

मी जन्माची भित्री. पालीला भिते, कुकरच्या शिट्टीला भिते, विजेचा बोर्ड ओल्या हातानं लागेल म्हणून दिवा लावायलाही पदराला हात पुसून जाते. आमचे हे म्हणतात, तुझ्या भीतीला रविवारचीसुद्धा सुट्टी नसते. पण ज्या भीतीबद्दल आज लिहायला बसले आहे ती असली चिल्लर नव्हती. ती मला लागली एका मालिकेमुळे, आणि मालिका तरी कुठली, तर साता समुद्रापलीकडच्या गुरंवाल्यांची.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी बाबा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे भातखाचराच्या बांधावरून, घसरले आणि त्यांचा उजवा पाय घोट्यात मोडला. आमचं गाव अर्जुनी मोरगावकडं, जंगलाच्या कडेला. बाबा गावाचे गायकी. सकाळी घरोघरच्या गायी आखरावर, म्हणजे गावाच्या टोकाला असलेल्या मोकळ्या जागेत, जमा करायच्या, दिवसभर चारायच्या आणि दिवस मावळायला परत आणून ज्याची त्याच्या दारात सोडायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या बापानंही तेच केलेलं. पायाला प्लास्टर घातल्यावर डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्याला गावी ठेवाल तर हा काठी टेकत गायींमागं जाईल. म्हणून मी त्यांना गोंदियाला आमच्या घरी घेऊन आले. माय गावीच राहिली, कारण घरच्या गायीला कोण बघणार.

बाबांचा जीव गावाकडंच होता. रोज सकाळी फोन लावून द्यायला सांगायचे आणि माझ्या चुलत्याला विचारायचे, आज गायी कोन नेऊन राहिला. त्यांच्या जागी नवा गायकी व्हायला कुणी तयार झालं नव्हतं. मग गावानं पाळी लावली. आज या घरचं माणूस गायी नेणार, उद्या त्या घरचं. बाबा ऐकून घ्यायचे आणि फोन ठेवल्यावर म्हणायचे, गायीला रोज नवा माणूस म्हणजे शाळेत रोज नवा मास्तर. पोरं बिघडतात तशा गायीही बिघडतात.

मी घरी ब्लाउज शिवते. माझी मशीन टीव्हीच्या खोलीत खिडकीपाशी आहे. दुपारी मी मशीनवर आणि बाबा समोरच्या खाटेवर, पाय उशीवर ठेवून. आमच्या नेहमीच्या मालिका त्यांना सहन व्हायच्या नाहीत. ह्या बाया दिवसभर नटून बसून राहतात, मंग यांची कामं कोन करते, असं विचारून विचारून त्यांनी मला जेरीस आणलं. शेवटी यांनी एका रविवारी शोधून शोधून ती परदेशी मालिका लावून दिली. हिंदीत आवाज दिलेला होता आणि गोंदियात राहणाऱ्याला हिंदी काय सांगायची, बाजारात अर्धं बोलणं हिंदीतच होतं. "मामाजी, घ्या, तुमच्या धंद्यातली आहे," असं म्हणून हे मोकळे झाले.

मोठं गवताचं रान, लांबवर बर्फाचे डोंगर, मोजता येणार नाहीत इतक्या गायी, आणि टोपी घातलेला म्हातारा मालक. सगळं जग आपली जमीन बळकावायला निघालंय असं त्याला वाटायचं, आणि बरेचदा ते खरंही असायचं. त्याची मुलं आपसात भांडायची, सून दाराआड रडायची, मध्येच कुणीतरी बंदूक काढायचं. मला ती मालिका पहिल्या दिवसापासून भीतीदायक वाटली. इतकं रिकामं रान मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं जंगलात वाघ असतो, पण माणूसही असतं. कोणी मोह वेचत असतं, कोणी तेंदूपत्ता तोडत असतं, कोणी सरपणाला आलेलं असतं. हाक मारली की कुठून तरी ओ येते. त्या रानात हाक मारली असती तर ऐकणारं कोणीच नव्हतं.

बाबांना मात्र ती भलतीच आवडली. त्यांचं लक्ष भांडणाकडं नसायचंच. पाठीमागच्या गायींकडं असायचं. मालक मुलाच्या छातीवर बंदूक रोखून उभा असायचा आणि बाबा म्हणायचे, ती मागची पांढरी लंगडून राहिली, कोनी पाहिलं का नाई. सगळ्यात मोठा धक्का त्यांना बसला तो त्या लोकांच्या चहाचा. इतल्या गायी असून माणसं कोराच पिऊन राहिली, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ती कॉफी असते, ते लोक तशीच पितात, असं मी सांगितलं तरी ते मान हलवत राहायचे. त्या घरात गाय कोणी पिळतच नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

एकदा मालिकेत गायी मोठ्या ट्रकांत चढवत होते. बाबांनी विचारलं, कुठं चालल्या. मी मशीन चालू ठेवून म्हटलं, बाजारात. कोन्त्या बाजारात, असं त्यांनी विचारलं आणि माझा पाय मशीनवरच थांबला. मग तेच म्हणाले, "समजलं मले, राहू दे." त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचा चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मालिका लावू की नको, असं मला झालं होतं, पण वेळ झाल्यावर त्यांनीच आठवण केली.

मग तो भाग आला. रानात ढग दाटून आले होते, स्वार कळपाच्या भोवती फिरत होते आणि वीज कडाडली. कळप उधळला. एक तरुण स्वार घोड्यावरून खाली आला आणि उठायच्या आधी गायी त्याच्यावरून गेल्या. ते सगळं आभाळातून खाली बघावं तसं दाखवलं होतं. माणूस आधी दिसला, मग पाठींचा लोंढा त्याच्यावर आला आणि माणूस दिसेनासा झाला. लोंढा सरला तेव्हा खाली जे पडलं होतं त्याच्याकडं मला बघवलं नाही. मी मान खाली घातली तर मशीनच्या सुईखाली माझं कापड भलतीकडंच शिवलं गेलेलं होतं.

बाबांच्या हातात बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाले, मागं घे जरा. मी मागं घेतलं. त्यांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा मागं घ्यायला सांगितलं. मला वाटलं, हे गायी बघताहेत, कोणती आधी बुजली, कोणी कुणाला ढकललं, असं काहीतरी. मी रिमोट त्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

भांडी घासताना माझ्या डोळ्यांपुढं तो परदेशी स्वार नव्हता. बाबा होते.

आमच्याकडं दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गायगोधन असतं. गायींना धुतात, शिंगं रंगवतात, गळ्यात झेंडूच्या माळा आणि मोरपिसं बांधतात, खिचडी खाऊ घालतात. मग डफली आणि बासरीच्या आवाजात गावभरच्या गायी आखराकडून निघतात. आमच्या गावात त्या दिवशी गायकी वाटेवर आडवा होतो. पोटावर, उघड्या पाठीनं, तोंड मातीत घालून. आणि सगळ्या गायी त्याच्या अंगावरून जातात. वर्षभर त्यानं त्यांना काठीनं हाणलेलं असतं, शिव्या दिलेल्या असतात, त्याची ही माफी. गायी गेल्या की तो उठतो, अंगावरची माती झटकतो, लोक त्याला खांद्यावर घेतात.

बाबा दर वर्षी पडायचे. मी लहानपणी भिंतीवर बसून टाळ्या वाजवत ते पाहिलं आहे. तेव्हा मला पालीची भीती वाटायची, पण याची कधी वाटली नाही. मी विचारलं होतं की गायी तुम्हाला तुडवत कशा नाहीत. तेव्हा ते म्हणाले होते की गाय बघून पाय टाकते. आपण दगडासारखं पडून राहायचं. जे हलत नाही त्याला ती ओलांडून जाते, जे हललं त्याला ती बुजते, आणि बुजलेली गाय कुठं पाय टाकेल ते तिलाही माहीत नसतं. सगळं न हलण्यात आहे. हे ऐकून मी मान डोलावली होती आणि पुढच्या वर्षी पुन्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

आता त्या टाळ्या आठवल्या की मशीन थांबवून मी बाबांकडं बघत बसायची. तोच लोंढा, तीच पाठ, फक्त मी आजवर बाजूनं बघितलेलं होतं. त्यात पाय मोडलेला. त्यात गायींना महिनोन्महिने बाबांचा वाराही लागलेला नाही. त्यांना आता बाबांचा वास तरी ओळखू येणार होता का? गावात नव्या जर्सी गायी आल्या होत्या, त्यांनी तर बाबांना धड पाहिलंही नव्हतं. आणि फटाके, आणि डीजे. मी रात्री झोपेतून दचकून उठायची आणि बाबांच्या खाटेपाशी जाऊन त्यांचा श्वास ऐकायची.

प्लास्टर निघालं तसा मी विषय काढला. आधी आडून, मग सरळ. म्हटलं, या वर्षी नका पडू. पावसाळ्यापासून तुम्ही एकाही गायीला काठी मारली नाही, मग माफी कसली मागता? बाबा हसले आणि म्हणाले, सोबत नाही गेलो त्यायच्या, त्याची. मी डॉक्टरांचं नाव घेतलं. मी मोडलेल्या हाडाबद्दल शेजारणीकडून ऐकलेलं खरंखोटं सगळं सांगितलं. कुठल्या गावात म्हणे कुणाची बरगडी गेली, कुणाचं डोकं गेलं, तेही तिखटमीठ लावून सांगितलं. मालिकेतला तो स्वार तर रोज जेवणात यायचा. बाबा ऐकून घ्यायचे. पूर्वी असते तर माझी थट्टा केली असती. आता नुसते ऐकायचे, आणि मला वाटायचं, माझं म्हणणं हळूहळू त्यांच्या गळी उतरतंय.

दिवाळीला आम्ही बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो आणि तिथून ऑटोनं गावी गेलो. हलकं, लवकर येणारं धान कापून झालं होतं, उशिरा येणारं भारी धान अजून उभं होतं. बाबा ऑटोतून वाकून वाकून बांधावरच्या गायी बघत होते. गावात शिरल्याबरोबर घरी न जाता ते आखरावर गेले. गायी परतायची वेळ होती. मी मागं मागं गेले. त्यांनी नेहमीची हाक दिली. काही जुन्या गायींनी कान टवकारले, एक म्हातारी कपिला जवळ येऊन त्यांच्या हाताला चाटून गेली. बाकीच्या तशाच पुढं निघून गेल्या. एक तांबडी जर्सी तर त्यांना बघून बिचकली आणि शेपटी उडवत आडवी पळाली. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून ती गेली त्या बाजूला बघत राहिले. मला त्या वेळी रडायला आलं, ते दुःखानं नव्हे, निव्वळ भीतीनं.

मी चुलत्याकडं गेले. गायी हाकून आणायचं काम या वर्षी त्याच्याकडं होतं. मी हात जोडले आणि म्हटलं, जर्सी तेवढ्या घरी बांधून ठेवायला सांगा आणि फटाके वाजवू देऊ नका. फटाक्यांचं तो पाहतो म्हणाला. पण गोधनाच्या दिवशी आपली गाय बांधून ठेवायला कोण तयार होईल, असं त्यानं मलाच विचारलं. ज्याची गाय अंगावरून गेली नाही त्याच्या घरी वर्षभर रुखरुख राहते. मी या गावची पोर असून हे विसरले कशी, असंही तो म्हणाला. मी विसरले नव्हते.

मायला म्हटलं, तू तरी सांग. माय शेणानं अंगण सारवत होती. ती म्हणाली, तिनं आजवर एकदाही पाहिलेलं नाही. लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवाळीपासून ती त्या वेळी घरात जाते, दार लावते आणि चुलीपुढं बसून राहते. डफली वाजायची थांबली आणि लोकांचा ओरडा ऐकू आला की मग दार उघडते. इतकी वर्षं मी भिंतीवर बसून टाळ्या वाजवत होते आणि आमच्याच घरात दाराआड हे चाललेलं असायचं, ते मला त्या दिवशी कळलं. मी तिला विचारलं, कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "बोलून का करू? भेव मले आहे, पडनं त्यायले आहे."

गोधनाच्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबा घरामागं आमच्या गायीच्या शिंगांना गेरू लावत बसले होते. मी शेवटचा प्रयत्न करायचा ठरवून गेले. पुन्हा तेच पुराण सुरू केलं. बाबा शिंगावर बोट फिरवत राहिले आणि मग माझ्याकडं न बघता बोलले.

"बाई, तुले एक सांगतो. मायले नोको सांगू. इतले वर्ष मी खाली तोंड करून पडत आलो. गायी वरून जातात ते मले अंगाले समजे, पाहिलं मी कधीच नोयतं. वरून कसं दिसते ते तुया टीव्हीत पहिल्या खेपेस पाहिलं."

रिमोट हातात घेऊन तो एकच तुकडा पुन्हा पुन्हा पाहणारे बाबा माझ्या डोळ्यांपुढं आले.

"तवापासून डोळे मिटले का तेच दिसते. मले भेव लागून राहिलं बाई."

मी लगेच म्हटलं, मग नका ना पडू. ते म्हणाले, गायीच्या भेवानं नाही पडलो तर उद्या गायीत जाऊ कोणत्या तोंडानं. आणि मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. त्यांना गायींचं भेव नव्हतं. आपण हलू, याचं होतं. आजवर न हलायला त्यांना काही करावं लागलं नव्हतं, मातीत तोंड घातलं की अंग आपोआप पडून राहायचं. आता खुरांचा आवाज आला आणि डोळ्यांपुढं ते चित्र आलं की अंग आपल्या मनानं उठून पळेल की काय, याची त्यांना खात्री वाटत नव्हती.

इतके दिवस मी त्यांना भिववत होते ते त्यांनी पडू नये म्हणून. ते तर पडणारच होते. फक्त आता भिऊन पडणार होते, आणि भ्यालेला माणूस हलतो. गेरूची वाटी मी त्यांच्या हातातून घेतली आणि दुसरं शिंग रंगवायला लागले. तोंडानं म्हटलं, काही होत नाही बाबा, दर वर्षी पडता तसे पडा. आयुष्यात पहिल्यांदा मी न भिण्याचं सोंग आणत होते, आणि ते मला किती जमत होतं देव जाणे. बाबांनी एवढंच म्हटलं की तू घरात नको जाऊ, वाटेच्या कडेला उभी राह.

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना जमलं. माय घरात गेली. जाताना मला म्हणाली, तू कायले पाहतेस, चाल आत. मी नाही म्हटलं. दार लागल्याचा आवाज आला. बाबांनी सदरा काढून माझ्या हातात दिला. बायांनी त्यांना हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. त्यांनी वाटेवरची माती कपाळाला लावली आणि आडवे झाले. पोटावर, हात डोक्याच्या पुढं, तोंड मातीत. त्यांची पाठ किती वाळली होती ते मी तेव्हा पाहिलं. मोडलेला घोटा दुसऱ्यापेक्षा अजून जाडच दिसत होता.

आखराकडून डफली वाजायला लागली. आधी धूळ दिसली, मग शिंगं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. म्हाताऱ्या गावठी गायी पुढं होत्या, कपिला त्यांच्यात होती. ती बाबांपाशी आली, मान खाली घालून हुंगलं आणि खुरं उचलून अलगद पलीकडं गेली. तिच्यामागं दुसऱ्या गेल्या. मला वाटलं, असंच होणार सगळं, आणि जरा श्वास घेतला.

मग ती तांबडी जर्सी आली. बाबांपाशी येऊन ती थबकली. पुढचे पाय रोवून उभी राहिली आणि फुरफुरली. मागच्या गायी तिच्यावर आदळायला लागल्या. शिंगांवर शिंगं, हंबरडे, धूळ. चुलता मागून ओरडत होता आणि लोक दोन्ही बाजूंनी हो हो करत होते. मी बाबांच्या पायाकडं बघत होते, कारण पाठीकडं बघायची माझी हिंमत नव्हती. त्या दुखऱ्या पायाची बोटं मातीत वळायला लागली. हळूच, एक एक. मग टाच हलली, जरा वर आली.

माझ्या तोंडात किंकाळी आली होती. बाबा, म्हणून ओरडले असते तर ते माझ्या आवाजाला उठलेच असते. मी त्यांच्या सदऱ्याचा बोळा करून तोंडात कोंबला. मला त्या सदऱ्याचा घामाचा वास आला आणि मी मनातल्या मनात एकच म्हणत राहिले, हलू नका, हलू नका, हलू नका.

टाच खाली गेली. जर्सीनं मागचं रेटणं सोसेनासं झाल्यावर एकदम उडी घेतली. तिचे पुढचे पाय पलीकडं पडले, मागचं एक खूर बाबांच्या मांडीला घासून गेलं. तिच्या पाठोपाठ सगळा लोंढा निघाला. बाबा मला दिसेनासे झाले. टीव्हीत झाले होते तसेच. पाठी आणि धूळ आणि घंटांचा आवाज, आणि त्याखाली कुठं तरी माझा बाप. किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही, मला तेही सुचलं नाही.

शेवटची वासरं उड्या मारत गेली आणि धूळ खाली बसली. बाबा तिथंच होते. अंगावर शेण, पाठीवर ओरखडे, माळेतली फुलं चुरगळून मातीत पसरलेली. लोकांनी नेहमीचा ओरडा सुरू केला. बाबा उठले नाहीत. दर वर्षी ओरडा सुरू व्हायच्या आत उठून उभे राहणारा माणूस तसाच पडून होता. ओरडा विरत गेला. डफलीवाला थांबला. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, गेला का रे.

मी धावले. त्यांच्या डोक्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं. बाबांचा एक डोळा उघडा होता, मातीनं भरलेला, आणि माझ्याकडं बघत होता.

"साऱ्या गेल्या का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, गेल्या बाबा, साऱ्या गेल्या, उठा आता.

"लोकं पाहून राहिले का?"

मी हो म्हटलं.

"मंग थांब थोडी. हातपाय लटलट कापून राहिले माहे. असा नाई उठत मी त्यायच्यासमोर."

मी वर पाहिलं. सगळं गाव श्वास रोखून आमच्याकडं बघत होतं. चुलता मागून धावत यायला निघाला होता. मी तिथंच शेणात फतकल मारून बसले, पदर मोकळा सोडला आणि बाबांच्या आणि लोकांच्या मध्ये पसरला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बाबांना काही झालेलं नाही, ते गायींच्या पाया पडून राहिले आहेत.

चुलता होता तिथं थांबला. त्यानं टोपी काढली आणि हात जोडले. त्याचं बघून बाकीच्यांनी जोडले. बाया खाली वाकल्या, म्हाताऱ्यांनी कपाळ मातीला लावलं. इतकी शांतता आमच्या गावात गोधनाला कधी झाली नसेल. मी पदराखालून बाबांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ थरथरत होती. ती थांबेपर्यंत मी तो हात काढला नाही.